फाटकाच्या आतला माणूस

उद्धवरावांना मोठ्यानं बोलताना आदिलाबादेत कुणी ऐकलं नव्हतं. बाजाराकडं जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचं किराणा दुकान होतं आणि अर्ध्याहून जास्त आयुष्य त्यांनी त्याच दुकानात बसून काढलं होतं. गिऱ्हाईक तेलुगू आलं की तेलुगू बोलायचे, व्यापारी आला की हिंदी, आणि सीमेकडच्या खेड्यातलं कुणी आलं की आपलं घरचं मराठी. भाषा बदलली तरी सूर तोच, नरम. वजनमाप तपासणारा साहेब आला की स्वतः उठून खुर्ची द्यायचे. जागेचा मालक दर दिवाळीला येऊन 'दुकान खाली कर' म्हणायचा, त्यालाही चहा पाजून, हसून वाटेला लावायचे. मालनबाई, त्यांची बायको, कधी चिडून म्हणायची, "तुमाले कोनी थोबाडीत मारली तर त्याचाच हात चोळून देसान तुमी." उद्धवराव त्यावरही हसायचे.

शेवटी मालकानं इमारत पाडलीच. दुकान गेलं. उद्धवराव शहराला लागून असलेल्या मावला गावातल्या आपल्या घरी बसून राहिले. मालनबाईचा घरामागं भाजीचा तुकडा होता. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावून ती विकायची. उद्धवराव जुड्या बांधून द्यायचे, पण साठीला टेकलेल्या माणसाला दिवसभर घरात करमेना. ओळखीतल्या एकानं प्रवीणचं नाव सांगितलं. प्रवीण एका एजन्सीचा सुपरवायझर होता, आणि हायवेलगतच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात चौकीदार पुरवायचं काम त्या एजन्सीकडं होतं. असे उद्धवराव दवाखान्यात लागले. निळा गणवेश, खांद्यावर पट्टी, गळ्यात शिट्टी. गणवेश घालून पहिल्या दिवशी निघाले तेव्हा मालनबाई ओसरीतून बघत राहिली. "पोलीसच दिसता," म्हणाली. त्यांना बरं वाटलं.

त्यांची जागा आतल्या फाटकावर होती. अंगणाच्या अलीकडं बाळंतिणींचा वॉर्ड आणि पलीकडं कमजोर लेकरांची खोली, जिथं काचेच्या पेट्यांत लेकरं ठेवलेली असत. मधे जाळीचं लोखंडी फाटक. लेकराला दूध पाजायला आयांनी लाल दोऱ्याचं कार्ड गळ्यात घालून जायचं, बाकी कुणी जायचं नाही, असा नियम. नियम वाईट नव्हता. आत गर्दी झाली तर लेकरांना बाधते.

सुरुवातीला उद्धवरावांना नाही म्हणता येईना. नार्नूरकडून, उटनूरकडून रात्रभर बसून आलेली माणसं फाटकाशी उभी राहायची. कुणाचा नातू आत, कुणाची भाची. "एक डाव पाहू द्या ना," म्हणायची, आणि उद्धवराव फाटक किलकिलं करायचे. एका सकाळी आत सात-आठ नातेवाईक सापडले. डॉक्टरबाई प्रवीणवर ओरडल्या, आणि प्रवीण तसाच तणतणत फाटकावर आला.

"अंकल, ये किराना दुकान नहीं है," तो सगळ्या रांगेसमोर म्हणाला. मग मराठीवर आला. "गिऱ्हाईक आलं की आत घ्यायचं, असं समजून राह्यले का तुमी? सांगा सगळ्याइले. मोठ्यानं सांगा, मी कोनाले सोडनार नाही."

उद्धवराव हळूच म्हणाले.

"आवाज नाही आला."

पोराच्या वयाच्या माणसासमोर त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. रांगेतल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. उद्धवरावांचे कान तापले, डोळ्यांपुढचं फाटक हलल्यासारखं झालं.

त्याच दुपारी एक म्हातारा जाळीत बोटं अडकवून आत डोकावत होता. उद्धवराव इतक्या जोरात खेकसले की म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी पडली. "बोटं काढ! आंधळा हायेस का? मांगं सरक!" आणि एक नवलच झालं. नुसता म्हातारा मागं सरकला नाही, सगळी रांग सरकली. आयुष्यात प्रथमच उद्धवरावांच्या शब्दानं माणसं हलली होती. त्या दिवशी घरी जाऊन ते पोटभर जेवले.

त्यानंतर फार विचार करायची गरज पडली नाही. ओरडलं की काम होतं हे कळल्यावर माणूस दुसरा उपाय शोधत नाही. आधी फक्त गर्दी झाली की ओरडायचे, मग गर्दी नसली तरी. माणसांना गावाच्या नावानं हाका मारू लागले, "ए नार्नूर, तिकडं बस." कुणी दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा मुद्दाम उत्तर द्यायचे नाहीत. रांगेतल्या गड्याला चहा आणायला पाठवायचे, आणि तो आणून दिल्यावर त्याची पाळी एकदोघांच्या पुढं काढायचे. कुणी तक्रार करत नव्हतं. ज्याला आत जायचं असतं तो तक्रार कशाला करील? अँब्युलन्सचा ड्रायव्हर गंमत बघायला यायचा. "काका, आज कोनाची पाळी?" विचारायचा, आणि दोघं हसायचे. प्रवीण तर खूश होता. फाटक असं शांत कधीच नव्हतं.

उद्धवरावांना आपण वाईट वागतोय असं वाटत नव्हतं. आपण कडक आहोत, असं वाटायचं. लोक अडाणी आहेत, त्यांना अशीच भाषा कळते, असं ते घरी सांगायचे. ती अडाणी माणसं कालपर्यंत आपल्याच दुकानातून चहापत्ती नेत होती, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

दसरा होऊन गेला होता. पाऊस सरला की ऊन पुन्हा चावरं होतं, तसे ते दिवस. नार्नूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली सोनाबाई आपल्या सुनेला, प्रणिताला, घेऊन आली होती. कापूस-ज्वारी पिकवणारं घर. प्रणिता अवघी विशीची, पहिलंच बाळंतपण, तेही पोट फाडून. लेकरू वजनानं कमी म्हणून पेटीत ठेवलेलं. दूध पाजायला बोलावलं की ती पोटावर हात धरून, भिंतीच्या आधारानं अंगण ओलांडायची. उद्धवराव तिला रोज बघत होते, चांगलं ओळखत होते.

त्या दुपारी ती कार्डाशिवाय आली. गडबडीत कार्ड उशीखालीच राहिलं होतं.

"कार्ड?" उद्धवराव म्हणाले.

"राह्यलं वाटते वॉर्डात. सोडा ना काका, लेकरू रडून राह्यलं असन."

"कार्ड आन."

"मले चालता नाही येत लवकर. तुमी तर रोज पाह्यता मले."

"मी रोज शंभर बाया पाह्यतो. कार्ड आन, मंग बोल."

उन्हात आणि दुखण्यात पोरीचा धीर सुटला. "काऊन असं करता?" ती म्हणाली. "हे फाटक काय तुमच्या घरचं हाय का?"

मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्या हसण्यानं सगळं बिघडलं. उद्धवरावांच्या कानात पुन्हा ती जुनी सकाळ तापली. ते ओरडले मात्र नाहीत. अगदी थंडपणे म्हणाले, "हाव, घरचं हाय. थांब आता तिथंच."

एवढ्यात सोनाबाई वॉर्डातून कार्ड घेऊन लगबगीनं आली. धापा टाकत तिनं जाळीतून कार्ड पुढं केलं. "हे पाहा मालक, हाय कार्ड. जाऊ द्या तिले."

उद्धवरावांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "माज्या जेवनाचा टाइम झाला. जेवन झाल्यावर पाहू."

आणि खरोखरच ते स्टुलावर बसले. डबा उघडला. मालनबाईनं पालकाची भाजी आणि भाकरी दिली होती. सोबत कांदा होता. तो त्यांनी बुक्कीनं फोडला, आणि एकेक घास सावकाश चावून खाऊ लागले. फाटकाच्या त्या बाजूला प्रणिता जाळीला धरून उभी. बसायला जागा नव्हती, आणि टाक्यांमुळं तिला खाली बसता येत नव्हतं. आतून एका लेकराचं रडणं येत होतं. ते तिचंच होतं की दुसऱ्या कुणाचं, कुणास ठाऊक. पण तिच्या अंगानं ते आपलंच मानलं. तिच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले. तिनं पदर ओढून घेतला, पदरही भिजला. रांगेतली माणसं इकडं-तिकडं बघू लागली. उद्धवरावांनी तो डाग पाहिला. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःशी कबूल केलं, की तो पाहिल्यावरही त्यांनी आणखी एक घास घेतला होता, आणि त्या घासाला चव होती.

शेवटी आतून नर्स ओरडली, "प्रणिता कोन हाय? पाजाले या लवकर!" तेव्हा त्यांनी हात धुतले, पुसले आणि फाटक उघडलं. ती त्यांच्याकडं न बघता आत गेली.

लेकराला काही झालं नाही. दवाखान्यात असल्या गोष्टी रोज होतात आणि संध्याकाळपर्यंत विसरल्या जातात. उद्धवरावही विसरले असते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई फाटकावर आली. तिच्या ओटीत सीताफळं होती, गावाहून कुणीतरी आणून दिलेली, डोळे उघडलेली, पिकायला आलेली. तिनं ती स्टुलावर ठेवली आणि हात जोडले. "मालक, पोर लहान हाय. तोंडाची फटकळ हाय, मनाची नाही. तुमी मनावर घेऊ नोका." मग मागं वळून सुनेला म्हणाली, "बोल ना वं."

प्रणिता पुढं आली. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माजं काका."

आणि सोनाबाई हसली. ओठ ताणून, मान थोडी तिरकी करून, डोळे मात्र समोरच्याचा चेहरा चाचपत होते. उद्धवराव ते हसू बघत राहिले. हे हसू त्यांना आतून ठाऊक होतं. गालाचा कोणता भाग दुखतो, मान किती तिरकी करावी लागते, समोरचा निघून गेल्यावर तोंड पुसावंसं कसं वाटतं, सगळं. वजनमापाच्या साहेबासमोर, मालकासमोर उभं आयुष्य तेच तर हसत आले होते ते.

"असू दे, असू दे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. फळं परत करायची हिंमत झाली नाही. परत केली असती तर सोनाबाई आणखी घाबरली असती.

घरी मालनबाईनं पिशवी उघडली. "बाप्पा! कोनं देल्ली?"

"एका पेशंटनं."

"लोक लय मानतेत मंग तुमाले." ती फळं परातीत मांडू लागली. तिनं एक सीताफळ उकलून त्यांच्या पुढं केलं. त्यांनी हातात घेतलं आणि तसंच धरून बसले.

"काऊन खात नाही?"

"मालन," ते म्हणाले, "मी तिथं लोकाइशी बरा नाही वागत."

मालनबाईचा हात थांबला. तिला धक्का बसेल, ती 'काहीतरीच काय' म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मले माहीत हाय."

"तुले कोनं सांगितलं?"

"सांगाले कोन पाह्यजे? तुमी आज कितीक दिवसानं मले नावानं हाक मारली. 'ए' म्हनता. 'ए, पानी आन. ए, कुठं मेली होती?' पैले असे नोहते तुमी." ती फळाच्या बिया काढत राहिली. "मी म्हनलं, थकून येते मानूस. तिकडं साहेबाचं ऐकत असन, इकडं मले ऐकवते. मी कोनाले ऐकवू? मेथीले?"

मग उद्धवरावांनी तिला सगळं सांगितलं, चोळीवरच्या डागासकट. मालनबाईनं ऐकून घेतलं. तिनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत आणि समजूतही काढली नाही. "जाऊन माफी मांगा तिले," म्हणाली, आणि परात उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ते बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. गणवेश काढून जायला हवं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दारात निळा गणवेश दिसताच वॉर्ड गप्प झाला. एका म्हातारीनं खाटेखालचा स्टो पायानं आत सरकवला. दुसरीनं सोबत झोपलेल्या मोठ्या पोराला उठवून खाली बसवलं. सोनाबाई तर उभीच राहिली.

"काय चुकलं मालक?"

"काही नाही, काही नाही. बसा तुमी. मी ते... त्या दिवशीचं..." एवढं आयुष्य नरम बोलण्यात गेलं, आणि नेमकं आज बोलता येईना. "माजं चुकलं त्या दिवशी."

"नाही मालक, तुमचं कसं चुकन? आमीच अडानी लोक." आणि पुन्हा तेच हसू.

"नाही वो, मी मुद्दाम..." ते प्रणिताकडं वळले. ती खाटेवर ताठ बसली होती. त्यांची नजर पडताच तिनं घाईनं चोळीत हात घातला, लाल दोऱ्याचं कार्ड बाहेर काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"हाय माज्याजवळ," ती म्हणाली. "आता नाही विसरत."

"कार्ड नोको माय. मी कार्ड पाह्याले नाही आलो."

पण तिचा हात खाली येईना. हा माणूस आणखी कशासाठी येऊ शकतो, हे तिच्या समजुतीतच बसत नव्हतं. उद्धवराव तिथं जितका वेळ उभे राहतील तितका वेळ ती ते धरून बसणार होती. त्यांच्या लक्षात आलं की माफी मागायलाही माणूस समोरच्याच्या बरोबरीला यावा लागतो. इथं त्यांनी काहीही म्हटलं तरी तो हुकूमच होणार होता. ते आल्या पावली परत फिरले. मागं वॉर्डात पुन्हा हळूहळू कुजबुज सुरू झाली.

त्यांनी प्रवीणला गाठून जागा बदलून मागितली. मागच्या ऑक्सिजनच्या टाक्यांकडं, सायकल स्टँडवर, कुठंही.

"काऊन? तुमी तर आपला नंबर एकचा मानूस हाय अंकल," प्रवीण म्हणाला. "तुमाले हलवलं तर ते फाटक पुन्हा बाजार होते."

"मले ते नाही जमत."

"तुमालेच तर जमते." एवढ्यात प्रवीणचा फोन वाजला. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पलीकडून कुणीतरी तेलुगूत झापत होतं, आवाज बाहेरपर्यंत येत होता. "सार्... सार्... हाव सार्," प्रवीण म्हणत राहिला. फोन ठेवून त्यानं कपाळ पुसलं आणि उद्धवरावांकडं असं पाहिलं, जणू त्यांनी ते ऐकलं हाच त्यांचा गुन्हा होता. "जा, जागेवर जा. फाटकावर कोनाले बसवून आले?"

प्रणिता आणि लेकरू आठवड्याभरानं घरी गेली. लेकराला पेटीतून घेऊन निघताना सगळे याच फाटकातून गेले. उद्धवरावांनी फाटक सताड उघडलं. सोनाबाईनं हात जोडले. प्रणितानं लेकराच्या तोंडावर पदर ओढला आणि त्यांच्या बाजूचा खांदा पुढं करून निघून गेली. लेकरू कसं दिसतं ते त्यांनी पाहिलं नाही.

उद्धवराव उन्हाळ्यापर्यंत त्याच जागी राहिले. अंगणाच्या कोपऱ्यात पडलेला एक मोडका बाक त्यांनी दुरुस्त करून घेतला आणि फाटकाशी सावलीला ठेवला. कार्ड विसरलेली बाई आली की स्वतः वॉर्डात निरोप पाठवायचे. चहा आणायला कुणाला पाठवणं बंद केलं. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला करमेना, तो दुसरीकडं बसू लागला. पण ते एकदम देवमाणूस झाले असंही नाही. नरम झाले की लोक रेटायचे, आत घुसायचे, मग प्रवीण यायचा, आणि प्रवीण गेल्यावर जो पहिला समोर सापडेल त्याच्यावर त्यांचा आवाज फुटायचा. एकदा एका मुक्या बाईवर ते ओरडले. ती मुकी आहे हे नंतर कळलं. त्या दिवशी घरी येऊन ते गणवेशासकट ओसरीत बसून राहिले. मालनबाईनं पाणी आणून दिलं.

आपला आवाज आधी खालचा होता तो स्वभावानं होता, की नुसता जागेमुळं होता, हे त्यांना कळेनासं झालं होतं. दुकानात कुणावर ओरडायची सोयच नव्हती. सोय असती तर? हा विचार त्यांना दुपारी फाटकाजवळ उभ्या उभ्या यायचा. त्यात काही निष्पन्न व्हायचं नाही. नुसती पाठ दुखायची.

उन्हाळ्यात त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून नोकरी सोडली. त्यांच्या जागी धम्मपाल नावाचा माणूस आला. चाळिशीचा, सिमेंटच्या कारखान्यातून काम सुटलेला, बोलायला अतिशय गरीब. शेवटच्या दिवशी फाटकाची किल्ली घेताना त्यानं विचारलं, "काका, काम कसं हाय इथलं?"

उद्धवरावांना त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण त्या माणसाचा नवा गणवेश अजून कडक होता, आणि तो इतक्या उमेदीनं सगळीकडं बघत होता, की सुरुवात कुठून करावी ते समजेना.

"काम काही नाही," ते म्हणाले. "फाटक लावाचं, उघडाचं. ऊन लय लागते, पानी पीत जा. आन बाया आल्या का बाकावर बसाले सांगत जा."

"हाव काका, सांगीन ना," धम्मपाल म्हणाला. त्याचं लक्ष रांगेकडं होतं. रांगेतली माणसं नव्या चौकीदाराकडं बघून, ओठ ताणून, आधीच हसू लागली होती.

उद्धवराव हायवेवर आले. मावल्याची ऑटो उभी होती, पण भरायला अजून तीन माणसं कमी होती. ते मागच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हर बाहेर उभा राहून गिऱ्हाईकांना हाका मारत होता. बराच वेळ कुणी आलं नाही.